शपथेनंतरचे दिवस

राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. ते पाहावयास स्वतः गडकरी राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते निवर्तले. तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षे मराठी माणसाने या नाटकातून एक बोध घेतला, तो म्हणजे पहिला प्याला ओठांना लावू नये. बोध चुकीचा नाही. परंतु नाटकात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. अगदी मनापासून सोडतो. मोडलेला संसार सावरण्यासाठी तो कामाच्या शोधात बाहेर पडतो, तेव्हा ज्या प्रतिष्ठितांच्या दारी जातो तिथे त्याच्या पदरी अविश्वास आणि अवहेलना पडते. मग तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. घरात सिंधूसारखी पत्नी आहे, रामलालसारखा जिवाभावाचा मित्र आहे, तरी वळतो.

पहिल्या प्याल्याविषयी आपण पुष्कळ बोललो, कीर्तने केली, पथनाट्ये केली. प्याला खाली ठेवलेल्या माणसाविषयी मात्र मराठी समाज अजूनही जवळजवळ मुका आहे.

दारू सोडणे म्हणजे शपथ घेणे, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. कुलदैवताची शपथ, आईच्या गळ्याची शपथ, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. ज्या रात्री ही शपथ घेतली जाते त्या रात्री त्या घरातली माणसे कित्येक महिन्यांनी निर्धास्त झोपतात. देवापुढे दिवा लावला जातो, पत्नीच्या डोळ्यांत पाणी येते, वडीलधारी मंडळी ‘आता सारे ठीक होईल’ असे म्हणून आपापल्या घरी जातात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो आणि त्या वेळी तिथे कोणीही नसते.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाचे शरीर दारूला सरावलेले असते. दारू मेंदूचे व्यापार मंदावते. त्या सततच्या दडपणाखाली काम चालू ठेवण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अकस्मात थांबली की दडपण जाते, उत्तेजना मात्र तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापू लागतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, अन्न पोटात ठरत नाही, झोप येत नाही. पुष्कळांच्या बाबतीत हे तीन-चार दिवसांत ओसरते. परंतु काहींना पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येतात, आणि काहींची शुद्ध दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हरपू लागते. भिंतीवरून किडे चालताना दिसतात, अंथरुणात साप दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, घरच्यांची ओळख पटेनाशी होते. ही अवस्था उपचारांवाचून प्राणघातक ठरू शकते.

आता हे दृश्य एखाद्या सामान्य घरात कल्पून पाहावे. काल ज्याने देवापुढे शपथ घेतली, तोच माणूस आज मध्यरात्री ओरडत उठतो आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून थरथरतो. घरातील म्हातारी म्हणते, ‘हे बाहेरचे दिसते.’ लिंबू उतरविले जाते, अंगारा लावला जातो, पहाटे कोणी जाणत्याकडे न्यावयाचे ठरते. जाणकार डॉक्टरांच्या हाती तो वेळेवर पडला, तर ठरावीक औषधांची हळूहळू कमी करीत नेलेली मात्रा आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी बहुतेक जण सुखरूप बाहेर येतात. घरात मात्र ती रात्र एक तर अंगाऱ्यात जाते, नाहीतर कोणीतरी कनवाळूपणाने ‘एवढा घोट द्या, शांत होईल’ म्हणतो आणि शपथ छत्तीस तासांत संपते. मग सारे एकमुखाने सांगतात, ‘याच्यात निर्धारच नाही.’

निर्धार नव्हता असे नाही. निर्धार होता म्हणूनच तर हात कापत होते. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका रात्रीत दारू बंद करणे हा पराक्रम नव्हे, तो धोका आहे, आणि तो वैद्यकीय सल्ल्यानेच पत्करावयाचा असतो, एवढी साधी गोष्ट अजून आपल्या घराघरांत पोहोचलेली नाही. आषाढी अमावास्या म्हणजे दीपपूजनाचा दिवस; तिची ‘गटारी’ करून टाकण्याचा पराक्रम आपण केलाच आहे. त्या रात्री कंठापर्यंत प्यावयाचे आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून एकदम पाळावयाचे, ही रीत अधूनमधून पिणाऱ्यास फारशी बाधत नसेल. ज्याचे शरीर दारूवर अवलंबून आहे त्याच्यासाठी ती घातक आहे. महिनाभर राहून दाखविले म्हणजे आपण व्यसनी नाही, हा त्याचा भाद्रपदातील युक्तिवाद हा आणखी एक निराळा विषय.

याच्या अगदी उलट टोकाला ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आहेत. भाजीतून, चहातून द्यावयाची पुडी. तिच्यात काय आहे हे देणाऱ्या पत्नीलाही ठाऊक नसते. दारूशी प्रतिक्रिया होऊन ती असह्य करणारे एक औषध १९४८ पासून वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे; डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याचा हा गुण प्रथम पुढे आणला. पण ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याची संमती घेऊन आणि प्रकृती तपासूनच द्यावयाचे असते, कारण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून त्याच्या जिवावरही बेतू शकते. नकळत दिलेल्या औषधाने माणूस सुटलाच, तरी त्याच्या सुटण्यात त्याचा स्वतःचा वाटा कोणता?

टाळेबंदीच्या काळात या विषयाचे एक विदारक दर्शन देशाला घडले. २०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस सारी दुकाने एका रात्रीत बंद झाली. दारूही बंद झाली. कोणाच्याही शपथेवाचून लाखो माणसांची दारू एकाच दिवशी सुटली. केरळमधून काही दिवसांतच आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. तेथील सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेने त्यास विरोध केला आणि २ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. स्थगिती योग्यच होती, कारण दारू हे दारूच्या आजारावरचे औषध नव्हे. परंतु त्या आदेशामागची अगतिकताही समजून घ्यावयास हवी. ४ मे रोजी दुकाने उघडली तेव्हा लागलेल्या रांगांची दृश्ये दाखवून दूरचित्रवाहिन्यांनी दोन दिवस करमणूक करून घेतली. त्या रांगांत आजारी माणसेही उभी होती, याचा उल्लेख क्वचितच कोणी केला.

महाराष्ट्राने दारूबंदीचे प्रयोग पुष्कळ पाहिले. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेला याबाबत दिशा दिलेली आहे आणि बंदीसाठी झटलेल्या स्त्रियांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र कायदा फार तर दुकान बंद करतो. तिसऱ्या रात्री ज्याला किडे दिसू लागतात त्याच्या उशाशी बसणे त्याला जमत नाही. गडचिरोलीत दीर्घकाळ बंदी असतानाही २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ सारखा उपक्रम डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने उभारावा लागला आणि त्यात उपचारांचाही अंतर्भाव करावा लागला, यातच सारे आले.

शरीराचा हा दंगा साधारण आठवड्याभरात शमतो. घरच्यांना वाटते, सुटली एकदाची. वास्तविक अवघड प्रवास इथून पुढचा असतो.

संध्याकाळचे सात वाजतात. गेली पंधरा वर्षे या वेळेला एक ठरलेली जागा, ठरलेली माणसे आणि ठरलेला पेला होता. आता काय करावयाचे? घरी बसावे तर घरात या वेळेला त्याची कोणालाच सवय नाही. मुले त्याला पाहताच आतल्या खोलीत जातात. पत्नीने इतकी वर्षे पैशांचे, शाळेचे, नातेवाइकांचे सर्व व्यवहार एकटीने रेटलेले असतात. ते तिने एकाएकी सोडून द्यावेत अशी अपेक्षाही अन्यायाची. रात्री झोप येत नाही आणि ही निद्रानाशाची तक्रार कित्येक आठवडे, काहींची महिनोगणती चालते. कारण नसताना चिडचिड होते. जरा उशीर झाला की दारात तोंडाचा वास घेतला जातो, आंघोळीला गेला की खिसे चाचपले जातात. घरच्यांचा संशय त्यांच्या परीने रास्तच असतो. इतकी वेळा फसलेल्यांनी आणखी काय करावे? तरी तो संशय त्याला टोचतो. ‘प्यायलो नाही तरी ऐकून घ्यावे लागते, मग पिऊनच ऐकावे’ हा विचार बहुधा याच दिवसांत डोके वर काढतो. महिन्याची एक तारीख, मित्राच्या मुलाच्या लग्नाची वरात, गणपती विसर्जनाची रात्र अशा गाठी पुढे उभ्याच असतात. ‘एका घोटाने काय होते?’ असे म्हणणारा तळीराम गल्लोगल्ली अजून जिवंत आहे, आणि तो दुष्ट नसतो हीच पंचाईत. तो मित्र असतो.

या दिवसांत माणसाला घसरण होते. फार जणांना होते. पहिल्या काही महिन्यांत तिचा धोका सर्वाधिक असतो. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. यांची घसरण झाली तर आपण त्याला घरातून काढतो.

२०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशात सुमारे पावणेसहा कोटी लोकांचे मद्यपान उपचार किंवा मदत लागावी इतपत हाताबाहेर गेले असल्याचे त्यात म्हटले आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींमागे एकानेच काही ना काही उपचार मिळाल्याचे सांगितले. दाखल होऊन उपचार मिळालेले तर १८० मध्ये एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. कायद्याने आजार मानला. घराने मात्र अजून मानलेला नाही.

उरलेले सदतीस कुठे आहेत? यातील काही अर्थातच दुर्गम पाड्यांवर आहेत, जिथे दवाखानाच नाही. पण कितीतरी जण शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर, दारावर स्वस्तिक आणि तोरण असलेल्या घरांतून आहेत. हे जरा कठोर वाटेल, पण सुसंस्कृत म्हणविणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांइतकी या आजाराची लपवाछपवी दुसरे कोणी करीत नसेल. झोपडपट्टीतला पिणारा सर्वांना दिसतो. इकडचा ‘कामानिमित्त बाहेरगावी’ असतो, त्याला ‘पित्ताचा त्रास’ असतो. मुलीचे स्थळ बघावयाचे असते, म्हणून व्यसनमुक्ती केंद्राची पायरी आणखी दोन वर्षे टाळली जाते. ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते’ या वाक्याने अनेक घराण्यांतली माणसे अकाली गेली आहेत. संस्कार हे व्यसनाला दूर ठेवणारे कुंपण आहेत हे खरे. कुंपणाबाहेर पडलेल्याला आत घेण्याचा दरवाजाही त्यालाच असावा लागतो.

मग आधार कुठे शोधावयाचा? याचे एक उत्तर फार दूरच्या एका शहरात सापडले आणि ते योगायोगाने सापडले. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर व्यवहारातला एक गृहस्थ अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडलेली होती. काम फसले, खिशात पैसे नव्हते, आणि उतरलेल्या हॉटेलातील मद्यगृहातून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. तो आत गेला नाही. त्याने हॉटेलच्या दूरध्वनीवरून गावातील चर्चमध्ये एकामागून एक चौकशी सुरू केली; त्याला स्वतःसारखाच एखादा दारुडा भेटावयास हवा होता, कारण दुसऱ्या दारुड्याशी बोलत असताना आपल्याला प्यावेसे वाटत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. अशा रीतीने त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. दोघे सहा तासांहून अधिक बोलत राहिले. आजवर डॉक्टरांना पुष्कळांनी उपदेश केला होता. हा माणूस उपदेश करीत नव्हता, आपली हकिगत सांगत होता.

डॉक्टरांनी दारू सोडली. काही दिवसांनी एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. विल्सनने त्यांना टाकले नाही. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी घेतलेला पेला हा त्यांचा शेवटचा. तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापना दिन मानला जातो. म्हणजे जगभर पसरलेल्या या चळवळीच्या मुळाशीच एक घसरण आहे. भारतात हे काम १९५७ मध्ये मुंबईत पोहोचले. आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत त्यांचे समूह भरतात. शुल्क नाही, आडनाव विचारले जात नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. नव्याने येणाऱ्याला ‘आजचा दिवस’ एवढेच पाहावयास सांगितले जाते. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. पहिले नव्वद दिवस रोज सभेला ये, असे पुष्कळदा सुचविले जाते. ती वेळ बहुधा संध्याकाळची असते, यातच या पद्धतीचे बरेचसे शहाणपण आहे.

या सभा कित्येक ठिकाणी चर्चच्या आवारात किंवा मिशनरी शाळांच्या वर्गांत भरतात आणि संघटनेचा उगमही एका ख्रिस्ती उपासक मंडळाच्या सहवासात झाला. त्यामुळे आपल्यातील काही घरे तिथे जाण्यास बिचकतात. ही शंका उगाच दडपण्याचे कारण नाही. तिचे उत्तर द्यावे. या संघटनेने ईश्वराची कल्पना ज्याची त्याने करावयाची असे प्रथमपासून मानले आहे, आणि समूह जागेचे भाडे देतात त्या पलीकडे त्या आवाराशी त्यांचा संबंध नसतो. शिवाय, त्यांची पहिली पायरी म्हणजे ‘दारूपुढे माझे काही चालत नाही’ हे कबूल करणे. ‘मी सोडीन’ या वाक्यातला ‘मी’ खाली ठेवणे. हे मराठी माणसाला कोणी सातासमुद्रापलीकडून शिकवावयास हवे होते काय? शरणागती आणि संतसंग या दोहोंवर तर आपली अवघी भक्तिपरंपरा उभी आहे.

गावाकडे दारू सुटलेल्यांत माळकऱ्यांची संख्या पुष्कळ दिसते ती याचमुळे. वरवर पाहता माळ ही देखील एक शपथच. पण घरातल्या देवापुढची शपथ माणूस एकटा वाहतो. माळ घातली की त्याच्यामागे भजनी मंडळ येते, एकादशी येते, आषाढीची दिंडी येते. संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो आणि तो आला नाही तर टाळकरी घरी विचारावयास येतात. पेल्याची वेळ आणि हरिपाठाची वेळ एकच आहे. बंडातात्या कराडकर यांच्या व्यसनमुक्त युवक संघाने वारकरी विचाराच्या आधारेच तरुणांत काम उभे केले. ज्यांच्या हाताला कंप सुटतो त्यांना माळेआधी दवाखाना दाखवावा, एवढी पुस्ती मात्र जोडावयास हवी.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ची कथा अनेकांना ठाऊक असेल. अनिल अवचटांचे गर्दविषयीचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. तिथे उपचार घेऊन बाहेर पडलेलेच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. अ‍ॅक्रनमध्ये घडले तेच येरवड्यात घडले. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा निराळा गट आहे. पिणाऱ्याबरोबर पंधरा वर्षे काढलेली स्त्रीही आजारी पडलेली असते आणि तिलाही तिच्यासारख्याच बाईशी बोलावेसे वाटते, हे ओळखणाऱ्यांनी फार मोठे काम केले आहे.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या बाबतीत आपली पद्धत थोडी बदलावयास हवी. ३१ डिसेंबरच्या रात्री चौकात दूधवाटप होते, छायाचित्रे छापून येतात. वाईट काहीच नाही. फक्त ते दूध बहुतेक न पिणारेच पितात. त्यापेक्षा वस्तीतल्या एका माणसाचे पहिले तीन महिने वाटून घ्यावेत. कोणी त्याला डॉक्टरकडे नेईल, कोणी सभेच्या दारापर्यंत सोडील, कोणी सातच्या सुमारास नुसतेच फिरावयास बोलावील. बौद्धिक देऊ नये. त्याच्या चार जुन्या कर्मांची आठवण करून देऊ नये, ती त्याला आपल्यापेक्षा अधिक असते. घरात धीर खचला असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक आहे, तो त्याच्या पत्नीजवळ लिहून द्यावा. लग्नकार्यात त्याच्या हातातल्या पेल्यात काय आहे याची चौकशी चारचौघांत करू नये आणि ‘आमचे हे आता सुधारले बरं का’ असा सत्कारही करू नये.

आणि कामाचे बघावे. सुधाकर बुडाला तो तिथेच. महिनाभराच्या उपचारानंतर माणूस कार्यालयात परत येतो तेव्हा त्याच्याकडे कोणते काम सोपवावे, हा प्रश्न एखाद्या पतपेढीच्या व्यवस्थापकापुढे खरोखरीच उभा राहतो. पहिल्याच दिवशी त्याला रोखपालाच्या खिडकीत बसविणे त्याच्यावरही अन्यायाचे. काही महिने दुसरे टेबल द्यावे, संध्याकाळी वेळेवर सोडावे, पगार शक्यतो पत्नीशी ठरवून बँकेत जमा करावा, आणि हे सारे त्याला खोलीत बोलावून, दार लावून सांगावे.